बसमधलं बाथरूम काढलं तेव्हा

निवृत्त झाल्यावर लोक बाग लावतात, योगाच्या वर्गाला जातात. मी जुनी बस घेतली. लांबच्या सहली करून थकलेली, मागच्या बाजूला बाथरूम असलेली. तिचं फिरतं घर करायचं आणि बायकोला घेऊन मनसोक्त हिंडायचं, असा बेत. अंबडला, जिथे आयुष्यभर नोकरी केली त्याच भागात, एका फॅब्रिकेशनवाल्याच्या शेडमध्ये ती उभी केली. नातेवाइकांनी वेड्यात काढलं. बायको मात्र एवढंच म्हणाली, "बाकी काय हवं ते करा, बाथरूम तेवढं ठेवा." मी म्हटलं, "अगं, हल्ली जागोजागी पेट्रोल पंप आहेत."

पहिल्याच दिवशी मी मिस्त्रींना सांगितलं, आधी बाथरूम काढायचं. ते खूश झाले. "काढाच साहेब. खालचा पत्रा लय सडलाय, वास बी जात नाय." मी मान डोलावली. खरं तर वासाचं मला काही नव्हतं, पत्राही नवा टाकता आला असता. मला तो दिवा नको होता.

ड्रायव्हरच्या डोक्यावर एक छोटा लाल दिवा होता. बाथरूमची कडी लागली की तो लागायचा, आत कोणीतरी आहे हे पुढे कळावं म्हणून. कडी ढिली झालेली, शेडची जमीन उताराची. दार आपसूक मिटायचं, कडी अर्धवट अडकायची आणि दिवा लागायचा. मी स्टेअरिंगपाशी बसून मापं लिहीत असायचो. सगळी नोकरी मशीन दुरुस्त करण्यात गेली, तेव्हा कारण मला पाठ होतं. तरी दर वेळी उठून मागे जायचो, दार ढकलून बघायचो. आत कोणी नसायचं. आणि परत येताना, सीटांच्या दोन रांगांमधल्या वाटेवर, मला हमखास आई दिसायची. आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

दिसायची ती माझ्या लग्नाच्या वऱ्हाडातली. मुलगी कळवणची, बस भाड्याची. वणीला चहाला थांबलो तेव्हा आम्ही पुरुष भिंतीमागे जाऊन आलो. बायका उतरल्याच नाहीत. उतरून जाणार कुठे, हा प्रश्न आमच्यातल्या एकालाही पडला नाही. वणी मागे पडली आणि आई पुढे माझ्या सीटपाशी आली. वाकून हळूच म्हणाली, "अरे, कुठे आडोसा बघून जरा थांबवायला सांग ना." ड्रायव्हरने ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं. नवरदेव ना मी, त्या दिवशी माझाच शब्द चालायचा. मी खेकसलो, "वणीला एवढा वेळ थांबलो होतो, तेव्हा काय झालं होतं? मुहूर्त टळेल. धर थोडा वेळ." आई निमूट मागे जाऊन बसली. घाटात मी एकदा वळून बघितलं. तिने डोळे मिटले होते, आणि तिच्या सीटखालून एक ओघळ पुढे येत होता. मी झटकन तोंड फिरवलं.

आणि मुहूर्त? माझे दोस्त मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत तासभर नाचले. मंगलाष्टकं उशिरानेच झाली. आई वेगळीच साडी नेसून हातात अक्षता घेऊन उभी होती. कोणी विचारलं तर हसून सांगत होती, "बसमध्ये पाण्याची कळशी कलंडली माझ्या अंगावर." पुढे घरात लग्नाच्या गप्पा निघाल्या की कळशीचा किस्सा ठरलेला. तो तिखटमीठ लावून सांगायचो मीच.

बाथरूम निघायला दोन दिवस लागले. भांडं, टाकी, फायबरच्या भिंती, शेवटी दार. दिव्याची वायर मी माझ्या हाताने कापली. मागे नुसता मोकळा चौकोन उरला. मला फार हलकं वाटलं. दुपारी बायको डबा घेऊन आली. मिस्त्री जेवायला गेले होते, आम्ही दोघं पुढच्या सीटवर बसून जेवू लागलो. दिवा लागला.

घास हातातच राहिला. वायरचं कापलेलं टोक पत्र्याला टेकलं असणार, टेपचा एक तुकडा गुंडाळला की संपलं. पण मला उठवेना.

"काय होतंय तुम्हाला?" बायकोने विचारलं.

"आई आहे आत," माझ्या तोंडून निघून गेलं.

तिने दिव्याकडे पाहिलं, मागच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. मग म्हणाली, "एक सांगू? कळशी वगैरे काही नव्हतं. ती साडी माझ्या आईची होती. तुमच्या आईंनी तिचे हात धरून सांगितलं होतं, माझ्या मुलाला कळू देऊ नका, तो जिवाला लावून घेईल. म्हणून मी कधी बोलले नाही."

म्हणजे आई गेली ती मला काही माहीत नाही असं समजून. हा समज तसाच राहू देता आला असता. पण दिवा समोर होता.

"मी पाहिलं होतं," मी म्हणालो. "तेव्हाच, बसमध्ये."

बायकोने हातातली भाकरी डब्यात ठेवली. "त्यानंतर कुठे जायचं असलं की त्या आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणं बंद करायच्या. का, ते माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"आणि तरी गाडीत सगळ्यांसमोर बाटली पुढे करायचात. पी ना आई, कशाला नाटकं करतेस, म्हणायचात."

"म्हणायचो."

मला रडू आलं, ते लपवायला मी खाली वाकलो आणि तिच्या पिशवीतली पाण्याची बाटली काढून तिच्यापुढे धरली. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. उन्हातून आली होती, अर्धी भाकरी खाऊन झाली होती, तरी तिने घोटभरही घेतलं नव्हतं.

"नको," ती म्हणाली. "घरी जाऊन पिईन. इथे जायला जागा कुठे आहे?"