हात लावण्याआधी

"आदी इचार," असं म्हणून मामा दोन्ही हात पाठीमागे बांधायचे.

सोलापुरातल्या आमच्या गिरणीत पाळी सुटली की फाटकावर प्रत्येक कामगाराची झडती होई. सुताची कांडी कुणी धोतरात खोचून नेतो का, ते बघायला. फाटक आलं की माणसांचे हात आपोआप वर जायचे. तुम्हीही अशा रांगा पाहिल्या असतील. माढ्याकडचे हे विणकर मामा तेवढे हात वर करत नसत. मी टाइमकीपर, माझी खिडकी फाटकाला लागून. आम्हा बाबूलोकांची झडती नसे.

"काय इचारायचं, मामा?" झडती घेणारा जमादार वैतागायचा.

"'हात लावू का' म्हून."

"आन तुमी न्हाय म्हनला तर?"

"न्हाय कशाला म्हनतोय? पर इचार की!"

"जमादार, सोयरीक मागतुयास व्हय रं? इचार लवकर!" मागून कुणीतरी ओरडायचं. हशा पिकायचा. जमादार विचारायचा. मग मामा ऐटीत हात पसरायचे, शिंप्याला माप देत असल्यासारखे.

मी एकदा म्हणालो, "मामा, तुमच्यासारख्या सरळ माणसाला कोण चोर म्हणतंय?"

"म्या चोर न्हाय म्हून म्हनत न्हाय, भाऊसाहेब. चोराला बी इचारावं. त्यो बी मानूसच हाय की."

मला हे अति वाटलं. मान वागणुकीनं मिळवावा लागतो, असंच मी धरून चाललो होतो.

पुढे रांगेतले बाकीचेही "आदी इचार" म्हणू लागले. आधी थट्टेनं. मग त्यातली थट्टा गेली, आणि ते वरच्यांना खुपलं. मामांवर चौकशी बसली. आरोप एकच, झडतीला नकार. साक्षीदार मी.

"यांनी झडती नाकारली का?" साहेबांनी विचारलं.

"नाही, फक्त विचारा म्हणाले." एवढंच बोलायचं होतं. पण दुष्काळाचं साल होतं, शिकलेली माणसंसुद्धा खडी फोडायला जात होती. साहेब माझ्याकडे रोखून बघत होते.

"हो," मी म्हणालो.

मामा रागावले नाहीत. बाहेर पडताना म्हणाले, "तुमाला इचारलं तरी त्येंनी."

दुसऱ्या दिवशी फाटकावर सगळे हात वर होते. रांग भराभर सरकली. वेळ वाचला म्हणून साहेब खूश झाले.

कामावरून काढलेल्या मामांना दुसऱ्या कुठल्या गिरणीनं घेतलं नाही. तेही खडी फोडायला गेले. काही वर्षांनी ते वारल्याचं कळलं, तेव्हा मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. जमादारही आला होता. तिरडी उचलायला तो वाकला आणि तसाच थांबला.

"मामा, हात लावू का?"

कुणी हसलं नाही.

"भाऊसाहेब, धरा की," मागून कुणीतरी म्हणालं.

मी न विचारताच हात घातला.