तांदळाएवढी मांडी

ज्या कामात हात कमी चालतात आणि थांबणंच जास्त असतं, तिथं किस्से साचतात. आमची लॅब तशीच आहे. ऑक्सिजन मोजायचं यंत्र सकाळी सुरू केलं की त्याची रेष स्थिर व्हायला पाऊण तास लागतो. त्या पाऊण तासात दार उघडायचं नाही, पंखा लावायचा नाही, झाकणाला बोट लावायचं नाही. तोंडाला मात्र बंदी नाही. रोजचा पाऊण तास धरला तर दोन वर्षांत किती तास झाले, ते मी मोजत नाही. मोजलं की पीएचडीची आठवण होते.

आम्ही माणसं चारच. मॅडम, म्हणजे माझ्या गाईड. प्रिसिलाताई, माझी सीनियर, श्रीरामपूरहून रोज एसटीनं नगरला येते. भिंगारदिवे मामा, लॅबचे अटेंडंट, मूळचे शेवगावकडचे, इथल्या फ्रिजपेक्षाही जुने. आणि मी.

काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. स्नायूत मायटोकॉन्ड्रिया असतात, ते ऑक्सिजन वापरून शरीराची शक्ती तयार करतात. आम्ही स्नायूचा तुकडा बर्फावर ठेवून दोन बारीक चिमट्यांनी त्याचे केसासारखे धागे सुटे करतो, यंत्रातल्या छोट्या काचेच्या भांड्यात सोडतो आणि त्यातला ऑक्सिजन किती वेगानं संपतो ते पडद्यावर बघतो. शेवटी सायटोक्रोम सी नावाचं लाल द्रव्य घालायचं. धागे सोडवताना तुम्ही मायटोकॉन्ड्रियाचं आवरण फाडलं असेल, तर हे घातल्यावर रेष आणखी जोरात घसरते. नसेल फाडलं, तर ढिम्म काही होत नाही. आमच्यात त्याला चुगलखोर म्हणतात.

माझे हात थरथरतात. त्यामुळे माझी चुगली रोज व्हायची.

मॅडमनी अट घातली होती. बोकडाच्या मांडीवर सलग तीन दिवस चुगलखोर गप्प बसला, तरच माणसाचा नमुना माझ्या हातात. माणसाच्या मांडीतून सुईनं काढतात तो तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा असतो, आणि बिघडला म्हणून त्या माणसाकडे परत मागता येत नाही.

"आणि तीन दिवस नाहीच जमलं तर?" मी विचारलं.

"तर तुझी पीएचडी बोकडावर," मॅडम म्हणाल्या.

*

बोकडाची मांडी आणायचं काम माझ्याकडेच. पहिल्या दिवशी मी थर्माकोलचा डबा, बर्फ आणि औषधी पाण्याची बाटली घेऊन रफिकभाईंच्या दुकानात गेले. म्हटलं, मांडीतला करंगळीएवढा तुकडा द्या, पण कापल्या कापल्या, पाच मिनिटांच्या आत.

"एवढ्याशात शिजवनार काय, ताई?"

मी आधीच घाबरलेले. खरं तेच तोंडातून गेलं. "शिजवायचं नाही. त्याला श्वास घ्यायला लावायचाय."

रफिकभाईंनी सुरी खाली ठेवली. तुकडा दिला, पैसे घेतले नाहीत. मी वळले तसे हळूच म्हणाले, "ताई, रोज या, माजं काय न्हाई. फक्त आमावस्येला येऊ नका."

*

मी दचकते. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला तरी दचकते. एकदा मी मान मोडून धागे सोडवत होते आणि मागून मामांनी "चहा" एवढंच म्हटलं. चिमटा उडाला, धागा उडाला, आणि तासाभराची मेहनत मामांच्या चष्म्यावर जाऊन चिकटली.

मामांनी चष्मा काढला, उजेडाकडे धरला. "अजून जित्ता हाय का बघा की. हाय तर काचेसकट घाला यंत्रात."

त्या दिवसापासून सगळे आधी वर्दी देऊन येतात. प्रिसिलाताई चर्चमधलं भजन गुणगुणत येते. मामा जिन्यातूनच ओरडतात, "भिंगारदिवे येतोय. सात पायऱ्या राहिल्यात." मग मॅडमनी दारावर पाटीच लावली: 'आत येण्यापूर्वी खोकावे.'

प्राचार्य एकदा राउंडला आले. पाटी वाचली, शहाण्यासारखे खोकले, आत आले आणि म्हणाले, "मॅडम, कोरोनात याच दारावर नेमकी उलटी पाटी होती ना?"

*

धाग्यांना बारीक भोकं पाडायला सॅपोनिन लागतं, म्हणजे बाहेरून घातलेलं आत पोचतं. त्या महिन्यात ऑर्डर अडकली. मामांनी विचारलं, हे सॅपोनिन असतं तरी काय? मॅडम म्हणाल्या, फेस आणणारं द्रव्य, आपल्या रिठ्यात असतं तसलं.

दुसऱ्या दिवशी मामा पिशवीभर रिठे घेऊन हजर. "आमच्या आईनं अख्ख्या घराची डोकी ह्याच्यावर धुतली. बोकडाचं काय घेऊन बसलात?"

मला वाटलं, आता मॅडम रागावणार. पण त्यांनी एक रिठा उचलून वास घेतला आणि म्हणाल्या, "मामा, चुकीचं नाही तुमचं. पण इथं लेबल नसलेलं काही वापरता येत नाही."

तिसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये तपकिरी पाण्याची बाटली होती. वर स्वच्छ अक्षरात लेबल: 'रिठा. बॅच पहिली. बनवणार: भिंगारदिवे, शेवगाव. एक्स्पायरी: न्हाई.'

बाटली अजून तिथंच आहे. टाकायची कुणाची हिंमत नाही.

*

आता माझ्या तीन दिवसांचं.

सोमवारी चुगलखोर गप्प. मंगळवारीही गप्प. मी घरी फोन करून आईला सांगितलं, तिनं देवापुढे साखर ठेवली. बुधवारी धागे भांड्यात सोडले, मायटोकॉन्ड्रियाचं खाणं घातलं, आणि रेष हललीच नाही. बोकड श्वासच घेईना. दुसरे धागे घेतले, त्यांचंही तेच. मी बेसिनपाशी जाऊन नळ मोठा सोडला, म्हणजे रडणं ऐकू जाऊ नये.

प्रिसिलाताई मागे येऊन उभी राहिली. खोकली. मग म्हणाली, "काल संध्याकाळी मी शेवटी अँटिमायसिन घातलं होतं. आणि माझी एसटी सुटत होती."

"मग?"

"भांडं धुतलं गं. पाण्यानं."

अँटिमायसिन म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचं विष. ते झाकणाला चिकटून बसतं. अल्कोहोलनं पुन्हा पुन्हा धुतलं तरच जातं, पाण्याला दाद देत नाही. माझा बोकड भांड्यात शिरला तेव्हाच मेला होता.

मला वाटलं, मॅडम बुधवार सोडून देतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चूक तुझी नाही, मान्य. पण उद्या माणसाचा तुकडा असता, तर त्यानं चूक कुणाची हे विचारलं असतं का? भांडं वापरण्याआधी आपण तपासायचं. पुन्हा एकपासून मोज."

मामा हळूच म्हणाले, "लई कडक हाय बाई." मॅडमना ऐकू गेलं. त्या हसल्या, पण आकडा बदलला नाही.

पुढचे तीन दिवस प्रिसिलाताईनं शेवटची एसटी पकडली. रोज भांडं अल्कोहोलनं धुवायची आणि मला वास घ्यायला लावायची. "आमच्या फादरांपुढे पापाची कबुली एकदाच द्यावी लागते. तुझ्यापुढे रोज."

गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तिन्ही दिवस चुगलखोर गप्प बसला.

*

पहिला माणूस आला तो जामखेडचा. निवृत्त पीटी शिक्षक, वय सत्तरीचं, ताठ. म्हातारपणी स्नायूची शक्ती कशी टिकते हे बघायचं म्हणून ते आपण होऊन आले होते. सगळे कागद वाचून, दोन प्रश्न विचारून मग सही केली. शेजारच्या खोलीत डॉक्टरांनी त्यांची मांडी बधिर केली, सुई घातली आणि तो तांदळाचा दाणा माझ्या डब्यात आला. एकच.

मी धागे सोडवायला बसले. दोन्ही कोपरं टेबलाला घट्ट टेकवली. मग मान खाली घातली आणि बाकी कशाकडे बघितलंच नाही. किती वेळ गेला माहीत नाही. मान वर केली तेव्हा गुरुजी पट्टी बांधलेला पाय पुढे करून माझ्याच खोलीत खुर्चीवर बसले होते. डॉक्टर मागे उभे. "पडून राहा म्हटलं तर ऐकत नाहीत," ते म्हणाले.

"माझी मांडी आहे. बघू तर द्या," गुरुजी म्हणाले.

धागे भांड्यात सोडले. खाणं घातलं. मग एडीपी घातलं, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया जोरात कामाला लागतात. रेष उतरणीला लागल्यासारखी खाली निघाली.

"ही माझी?"

"हो, सर."

"मग खाली का चाललीय?"

"खाली जाणं चांगलं, सर. ऑक्सिजन वापरतायत ते. जितक्या वेगानं खाली, तितकी ताकद."

ते पुढे सरकून बसले.

शेवटी मी सायटोक्रोम सी, आमचा चुगलखोर, घातला. मॅडम माझ्या खांद्यावरून बघत होत्या. रेष होती त्याच चालीनं चालत राहिली. जरासुद्धा जास्त नाही. मॅडमनी वहीत स्वतःच्या हातानं नोंद केली, आणि नावाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं.

भांड्यातला ऑक्सिजन शेवटपर्यंत संपू द्यायचा असतो, म्हणून आम्ही थांबलो. रेष उतरत उतरत तळाला लागली आणि आडवी झाली.

गुरुजी खुर्चीचा हात धरून उठले. डॉक्टर "अहो, अहो" करत पुढे झाले, त्यांना त्यांनी हातानंच थांबवलं. पाठ ताठ केली, भांड्याकडे बघितलं, आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"विश्राम!"

आणि मॅडम, डॉक्टर, प्रिसिलाताई, मामा, मी, आम्ही सगळ्यांनी एकदम डावा पाय बाजूला टाकला आणि हात मागे बांधले.