पाटीलकाकूंची खाणीतली उडी

"...मालूम क्या, अपनी पाटील अम्मा खदान में कूद गए! और काका तो..."

जिन्यातून कुणाचं तरी एवढंच ऐकू आलं, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या लक्ष्मीगारूंच्या स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला. पुढचं सगळं चटणीत गेलं!

आमची बिल्डिंग हैदराबादेत विद्यानगरला, आणि माझी गॅलरी बरोबर जिन्यासमोर. मला कुणाच्या भानगडीत पडायचं नसतं हो, पण जिन्यातून जाणारा माणूस काही ना काही सांडतोच, आणि ते गोळा करायला कुणीतरी हवं! त्यात त्या खाणीची बाग झाल्यापासून तर विचारूच नका. दर रविवारी कुणीतरी तिथून नवा किस्सा घेऊन येतो.

ही खाण संगमरवराची. शहराबाहेर, बसने तासाभरावर. इटलीचा मार्बल बाजारात आला आणि आमचा देशी दगड कुणी विचारीना, म्हणून ती बंद पडली असं आमचे हे सांगतात. मग पाण्याने भरली, झाडं लावली, बाकं टाकली, तिकीट ठेवलं. नाव पडलं ‘मार्बल लेक’.

*

पहिल्या सहलीला लक्ष्मीगारूंना पांढराशुभ्र गोल दगड सापडला. "पोळपाट होईल, वदिना!" म्हणाल्या. (वदिना म्हणजे त्यांच्या तेलुगूत वहिनी.) गेटवर पिशव्या तपासतात, म्हणून त्यांनी तो टिफिनच्या मोठ्या डब्यात बसवला. गेट पार पडलं. बसमध्ये मात्र डबा कंडक्टरच्या पायावर पडला.

"अम्मा, क्या है इसमें?" तो एका पायावर नाचत विचारतोय.

"इडली," लक्ष्मीगारू म्हणाल्या.

"साब कैसे जिंदा हैं फिर?"

*

आमच्या ह्यांना मार्बल लेकपासून पक्ष्यांचं वेड लागलं. कुणाची तरी दुर्बीण मागून आणली आणि पलीकडच्या बाभळीवर पांढरा बगळा शोधला. अर्धा तास बगळा हलेना, हेही हलेनात! "बघ, काय एकाग्रता आहे!" मला सांगतायत.

तिथला वॉचमन यादगिरी बिडी विझवून जवळ आला.

"साब, वो कैरी बॅग है."

ह्यांचा चेहरा पडला. यादगिरीला बहुतेक दया आली. म्हणाला, "मगर हवा आई तो उडता है, साब!"

*

पाटीलकाकूंचं मात्र झाडाकडे लक्ष नसे, पक्ष्याकडे नसे. त्या नुसत्या पाण्याकडे बघत बसायच्या. माहेर उदगीरकडचं, शेतकरी घर. मुलांच्या बरोबरीने विहिरीत सूर मारायच्या. लग्न होऊन हैदराबादला आल्या आणि पाणी म्हणजे काय, तर नळाचं, तेही एक दिवसाआड!

मध्यंतरी एका नव्या क्लबात बायकांसाठी पोहायची वेळ ठेवली, तेव्हा मीच त्यांना घेऊन गेले. तिथल्या मुलीने पोहायचा पोशाख पुढे केला. काकूंनी तो दोन बोटांत धरून उलटासुलटा बघितला.

"अगं, नऊवारीत मी विहिरीतून रेडकू बाहेर काढलंय, आणि तू मला हे दाखवतेस?"

तशाच परत आलो.

म्हणून त्यांचा डोळा खाणीवर. पण तिथे मोठी पाटी, ‘पोहण्यास मनाई’. काकू पायरीशी गेल्या की यादगिरीची शिट्टी वाजलीच.

"नक्को अम्मा! इधर हाथी डूब जाता!"

"हाथी को तैरना आता रे," काकू म्हणायच्या. "मेरा बोल!"

काका जवळच उभे असायचे. मलकपेठेत त्यांचं बियाण्यांचं दुकान. गिऱ्हाईकाशीसुद्धा मोजकं बोलणारा माणूस. ते म्हणायचे, "चला." काकू निघायच्या.

*

आता खरी गोष्ट. काकूंचा मुलगा बंगलोरला कॉम्प्युटरमध्ये लागला आणि आईवडिलांना कायमचं तिकडे न्यायचं ठरलं. दुकान दिलं. सामान बांधायला मी गेले होते, तर काकू रिकाम्या बादलीकडे बघत बसलेल्या.

"काय झालं हो?"

"काही नाही, वहिनी. मुलाचं घर सहाव्या मजल्यावर आहे. एकदा पाण्यात शिरून यायला हवं होतं. आता कुठलं जमतंय!"

काका खोक्याला सुतळी बांधत होते. त्यांनी गाठ मारली, दुसरी मारली.

आणि त्यानंतर चार दिवसांत मी हे ऐकलेलं, ‘खदान में कूद गए’! गॅसवरचं दूध तसंच टाकून धावत पाटलांकडे गेले.

दार काकूंनीच उघडलं. केस ओले, आणि चेहरा असा की एकदम वीस वर्षं गळून पडलेली! आत काका ब्लँकेट गुंडाळून बसलेले.

"काकू, तुम्ही खाणीत उडी मारलीत?"

"मारली."

"अहो, पण का?"

"हे बुडत होते ना!"

"पाय घसरला," काका कपात बघत म्हणाले.

"मी म्हटलं, शेवटचं तळं तरी बघून येऊ, म्हणून गेलो," काकू सांगू लागल्या. "पायरीवर उभे होतो, आणि हे धपकन पाण्यात! ‘वाचवा, वाचवा’ सुरू. यादगिरीला कुठं पोहता येतंय? तोच ओरडायला लागला, ‘कूदो अम्मा, कूदो!’"

"बाई गं! लगेच बाहेर काढलंत ना यांना?"

"काढलं की. पलीकडच्या भिंतीपर्यंत जाऊन आले, मग काढलं."

"आणि तोवर काका?"

"मी बुडत होतो," काका म्हणाले.

माझ्या काही ध्यानात येईना. "अहो, पण तिथं पाणी होतं तरी किती?"

काकूंनी काकांच्या छातीवर आडवा हात ठेवला.

"इथपर्यंत."

काकांना एक जोरदार शिंक आली. मग म्हणाले, "चहात साखर कमी आहे."