काळं एरंडेल, फिकं एरंडेल

डोंगरकडा गावच्या सिंधूबाईचं एरंडेल अख्ख्या शिवारात नावाजलेलं. मेंढरामागं हिंडणाऱ्याच्या टाचा भेगाळल्या, थंडीनं लेकराचे गाल फुटले, की तिच्या दारात वाटी यायचीच. बांधावरच्या एरंडाच्या बिया ती काळ्याकुट्ट होईस्तोवर भाजायची, उखळात कुटायची, पाण्यात उकळायची अन् वर तरंगलेलं तेल पळीनं अलगद काढून घ्यायची. तिच्या आईनं असंच शिकवलेलं.

सून दिपालीनं त्या तेलात मधमाशीचं मेण वितळवून मलम केलं. औंढ्याला देवळाजवळच्या शेषरावाच्या दुकानात वीस डब्या ठेवल्या. महिन्यानं दोघी बघायला गेल्या, तर एकोणीस तशाच.

"बाई, माल चोख हाय, पण वास!" शेषराव म्हणाला. "बाहेरगावची गिऱ्हाईकं झाकण उघडतात अन् नाक दाबून पळतात. श्रावण सोमवारच्या गर्दीआधी वास घालवा. न्हाई तर फळी मी कंपनीच्या क्रीमला देऊन टाकतो."

बसमध्ये दिपाली हळूच म्हणाली, "आत्याबाई, गुलाबाचं अत्तर टाकू का दोन थेंब?"

"काहून? तेलाला लग्नाला न्यायचंय का?" सिंधूबाई म्हणाली. "ह्यो वास एरंडाचा न्हाई, जळक्याचा हाय. भाजलं मी, आता घालवीन बी मीच."

दुसऱ्या दिवशी तिनं बिया नुसत्या गरम केल्या अन् लगेच उतरवल्या. हाताला सवय नव्हती. उलथणं आपोआप तव्याकडं जायचं. तेल निम्मंच आलं, वर चार दिवसांत गढूळ झालं.

नवरा मल्हारी दारातूनच म्हणाला, "तीस वर्षं बराबर येत व्हतं. आता इसरून राहिली जणू."

"इसरत न्हाई, सवय मोडून राहिले," ती म्हणाली. "तुमी मेंढरं बघा."

गढूळपणा तेलात राहिलेल्या पाण्याचा आहे, हे तिनं ओळखलं. पुढचं तेल तिनं पुन्हा मंद आचेवर ठेवलं अन् कान लावून बसली. तडतड पार थांबली तेव्हाच पातेलं उतरवलं. सकाळी बघितलं, तर तेल मधासारखं फिकं, नितळ. मनगटाला चोळलं, नाकाशी नेलं. वास जवळजवळ न्हाईच.

पहिल्या सोमवारच्या आधी ती नव्या डब्या घेऊन औंढ्याला पोचली. शेषरावानं तीनदा हुंगलं. "वा! आता इकलंच म्हणून समजा."

तेवढ्यात शेजारच्या गावची म्हातारी भिकाबाई दुकानाशी थांबली. डबी उघडून नाकाला लावली अन् खाली ठेवली. "एरंडेल म्हणता अन् वास न्हाई? काय भेसळ केली गं?"

शेषरावाचं तोंड उतरलं. सिंधूबाई मात्र खळखळून हसली. तिनं पिशवीतून रोजच्या वापरातली काळ्या एरंडेलाची डबी काढून म्हातारीपुढं धरली.

"हां! हे खरं," भिकाबाई म्हणाली. बोट बुडवून तिनं तिथंच टाच चोळली अन् डबी परत द्यायचं नावच घेईना.

"आता काय करावं म्हणता?" शेषरावानं डोकं खाजवलं.

"दोन फळ्या लागतील," सिंधूबाई म्हणाली. "एक नाकवाल्यांची, एक पायवाल्यांची."

शेषरावानं क्रीमचे डबे मागं सरकवले.

"पुढं काळं ठेवा," ती पदर खोचत म्हणाली. "फिक्याची अन् माझी आजून नीट वळख व्हायचीय."