चौथ्या वॅगनची पाचर

माझं पोस्टिंग आसामात, इंजिनिअर्सच्या फेरी कंपनीत झालं. मी कसाऱ्याचा, रँक लान्स नाईक. तिथे नदीवर पूल नव्हता. मालगाडीच्या चार वॅगन बार्जवर, म्हणजे सपाट मालवाहू होडीवर, चढवायच्या, मागून टग बोटीने बार्ज ढकलत पलीकडे न्यायचा आणि पुन्हा रुळांवर उतरवायच्या. दिवसाला तीन खेपा. पहिली ०६०० ला.

माझा जोडीदार सॅपर, म्हणजे साधा जवान, गणपत, मुरबाडकडचा, सिद्धगडाच्या पायथ्याचा. वॅगनच्या चाकांना लाकडी पाचरी लावणं हे आम्हा दोघांचं काम. नियम असा, की पाचर पुढून आणि मागून, दोन्हीकडून. पण मी घाटात वाढलेला. कसाऱ्याला उभ्या ट्रकच्या चाकाला उताराकडूनच दगड लावतात. घाईत मी तसंच करायचो.

"कसारेकर, हितं उतार कंचा रे?" गणपत चिडवायचा. "पानी म्हंजे तुजा घाट नाय."

"तू मला शिकवू नको. तुझ्या मुरबाडला रूळ तरी आहेत का?"

"नाय ना. म्हनून तर नीट बघतो."

त्या दिवशी धुक्यामुळे पहिली खेप ०६४० ला निघाली. उशीर भरून काढायला मी चौथ्या वॅगनला फक्त पुढून पाचरी लावल्या. नदीच्या मध्यावर बार्जचं नाक वाळूवर चढलं आणि बार्ज मागे कलला. वॅगन मागे घसरू लागली. मागे टग होता, टगवर सात माणसं.

मी वायरलेसवर ओरडलो, "टग, स्टॉप! वॅगन सुटली. ओव्हर."

"रॉजर. स्टॉपिंग."

गणपत पाचर घेऊन आधीच धावला होता. त्याने ती चाकामागे घातली. वॅगन थांबली. त्याचा पाय चाकाखाली राहिला.

बाराव्या दिवशी मिलिटरी हॉस्पिटलात तो वारला. तोवर कागदावर त्याची डेपोला बदली झाली होती.

पुढे पूल झाला, कंपनी मोडली. मी शहापुरात लाकडाची वखार टाकली, शून्यातून उभी केली. भाव करताना मी कुणाचं ऐकत नाही. यंदा कंपनीच्या इतिहासाची कच्ची प्रत आली. वॅगन थांबवल्याचं श्रेय मला होतं. हुतात्म्यांच्या यादीत गणपत नव्हता. माझं डोकं फिरलं. आमचे तेव्हाचे कॅप्टन, आता निवृत्त कर्नल, ही पुस्तिका काढत होते. त्यांना फोन लावला.

"साहेब, गणपतचं नाव कुठे गेलं?"

"तो गेला तेव्हा आपल्या रोलवर नव्हता, डेपोच्या यादीत होता. रोल बदलता येत नाही."

"मग सौदा करू. श्रेयातून माझं नाव काढा, त्याचं घाला."

"पुरावा?"

"मी. चौथ्या वॅगनला मागून पाचर नव्हती. ती माझी चूक. चौकशीत मी गप्प बसलो. आता लिहून देतो, सहीसकट."

साहेबांनी पत्ता सांगितला. मग म्हणाले, "पाठव."

पुस्तिका छापून आली, तेव्हा ती घेऊन मी सिद्धगडाखाली गणपतच्या बहिणीकडे गेलो. तिला वाचता येत नाही. मी वाचलं, "सॅपर गणपत यांनी वॅगन थांबवली. सात जण वाचले."

तिने पानावरून हात फिरवला.

"आनि तुजं नाव कुठं हाय, दादा?"

मी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. तीही वाचून दाखवली, "चौथ्या वॅगनला मागून पाचर नव्हती. ती चूक लान्स नाईक कसारेकर यांची."