मुद्देमालातल्या चार बरण्या

निवृत्तीनंतर मोठमोठे दरोडे विसरलो, पण पाथर्डी तालुक्यातला तो जीपवाला आणि त्याच्या चार बरण्या डोक्यातून जात नाहीत. कुणाचेही नाव इथे लिहिणार नाही. नावे न सांगण्यावरूनच ते सारे प्रकरण वाढले होते.

दसरा झाला होता. ऊसतोडणीच्या टोळ्या निघायच्या दिवसांत ठाण्यात भांडणे वाढतात, त्यामुळे मी आधीच वैतागलेला होतो. सकाळी हजेरी चालू असताना फोन आला. बोलणारा शिकलेला वाटला, अगदी सावकाश बोलत होता. "तुमच्या हद्दीतून बायकांच्या शरीराचे तुकडे नगरला विकायला जातात," म्हणाला. जीपचा नंबर दिला, स्वतःचे नाव दिले नाही. मी स्टेशन डायरीत नोंद केली, दोन पंच घेतले आणि नगरच्या रस्त्यावर नाकाबंदी लावली.

तासाभरात जीप सापडली. मागच्या सीटखाली पोत्यात गुंडाळलेली पेटी होती आणि तिच्यात रुंद तोंडाच्या चार प्लास्टिकच्या बरण्या. नाकात झोंबणाऱ्या पाण्यात मांसाचे गोळे तरंगत होते. प्रत्येकीवर चिकटपट्टी, तिच्यावर फक्त आकडा. जीपच्या मागच्या काचेवर एका बाईचे नाव होते आणि खाली 'कर्करोग संशोधन संस्था'. मला हसू आले. सातवी नापास, जीपमध्ये शिटा भरून वडाप करणारा माणूस आणि म्हणे संशोधन! चोर जेवढा पक्का तेवढी त्याची पाटी मोठी, असा माझा तीस वर्षांचा अनुभव. पंचनामा केला, बरण्यांना सील ठोकले आणि त्याला ठाण्यात आणून बसवले.

"हे काय आहे?"

"पिशव्या हायती साहेब. बायांच्या."

गर्भाशयाला इकडे पिशवी म्हणतात. तोडणीत एक दिवसाचाही खाडा चालत नाही, म्हणून पाळीच्या त्रासाला कंटाळलेल्या कितीतरी बाया ऐन तिशीत पिशवी काढून टाकतात. हे मला माहीत होते. त्या बरणीत घालून फिरवतात, हे मात्र पहिल्यांदाच पाहत होतो.

"कुठे चालला होतास?"

"नगरला. तपासायला. तितं डाक्टर मॅडम हायती, त्या कॅन्सर हाय का बघत्यात. कागदावर बाईचा अंगठा आसंल तर थोडा तुकडा अभ्यासाला ठिवत्यात."

"या बायका कोण?"

"ते न्हाई सांगनार."

आवाज चढवून पाहिला, गोडीत घेऊन पाहिले. माणूस नाव काही सांगेना. खरे बोलणारा माणूस नावे लपवत नाही, ही माझी पक्की समजूत. मॅडमला फोन करायचा तर तीही सामील असेल आणि सावध होईल, म्हणून तोही केला नाही. संध्याकाळी तो हात जोडून म्हणाला, "मला बसवा किती बी दिस. दोन नंबरची बरनी तेवढी जाऊ द्या. ती बाई ह्या आठवड्यात टोळीसंगं जानार. येकदा ट्रक हालला की सा महिनं हाताला लागायची न्हाई."

आता वाटते, इतके सरळ बोलणे मला कळायला हवे होते. तेव्हा मनात आले, याला जिची घाई आहे तिच्यातच गुन्हा असणार. दोन नंबरची बरणी मी मुद्देमालाच्या खोलीत अगदी आत ठेवायला लावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई डोक्यावरून पदर घेऊन आवारात आली आणि कडुनिंबाखाली उभी राहिली. तासभर पुढेही येईना आणि परतही जाईना. अशी माणसे बहुधा नवऱ्याची तक्रार घेऊन येतात. महिला शिपायाने विचारले तेव्हा ती सरळ माझ्या टेबलापर्यंत आली. ठाण्यात गर्दी होती, तिच्या गावचे दोघे तिथेच बाकावर बसले होते.

"दोन नंबरची माजी हाय," ती म्हणाली. "त्येंला सोडा. आमीच त्येंला शपथ घातली हुती, नाव सांगू नगा म्हनून. पोरगी लग्नाची हाय माजी. कॅन्सरचं नाव निगालं तर कोन करील?"

बाकावरचे दोघे एकमेकांकडे पाहू लागले. जे झाकायचे ते तिने सगळ्यांदेखत उघडे केले होते, आणि ते माझ्यामुळे. मला लाज वाटली. मी जीपवाल्याला आत बोलावून पाणी दिले आणि विचारले, "हा उद्योग कशाला मागे लावून घेतलास?"

त्याने पाणी पिऊन पेला खाली ठेवला. मग बोलला. "काचेवर जिचं नाव हाय त्या माज्या बायकोची पिशवी काडली, तवा डाक्टरनी आशीच बरनी हातात दिली हुती. नगरला तपासायला न्हे म्हनला. मी घेऊन निगालो. मानसाचं अंग आसं एस्टीत कुटं फिरवायचं? बाळंतिनीची वार पुरत्यात का न्हाई, तशी म्या ती बांधाला पुरली. हळदी-कुक्कू वाह्यलं. बायकोला सांगितलं, रिपोट चांगला आला." त्याने तोंड पुसले. "वर्सानं दुखनं बाहीर पडलं. तवर लई पसरलं हुतं. ती मरंस्तवर म्हनायची, रिपोट तर चांगला हुता की."

आता मी मॅडमना फोन केला. शब्द न् शब्द खरा निघाला. त्या आणखी एक गोष्ट म्हणाल्या. त्याने आणलेल्या कितीतरी पिशव्या निरोगी होत्या, काढायची गरजच नव्हती, आणि तसे अहवाल आता नावाविना गावात वाचले जात होते. हे कुणाला खुपत असेल, ते सांगायला पोलीस कशाला हवा? खबर आली तो फोन नंबर काढला, तो पिशव्या काढणाऱ्या एका खाजगी दवाखान्यातल्या माणसाचा निघाला. त्याचा वेगळा अहवाल मी वर पाठवला. जीपवाल्याला सोडून दिले आणि बरण्या त्याच दिवशी ठाण्याच्या गाडीतून नगरला पाठवल्या.

अहवाल आला त्या सकाळी ट्रक भरला होता. दोन नंबरला कर्करोग होता, पण सुरुवातीचा. जीपवाला धापा टाकत ठाण्यात आला. "साहेब, चला. वर्दीत चला. माजं कोन ऐकनार?"

आम्ही पोहोचलो तेव्हा ती वर, भांड्यांच्या बोचक्यांवर बसली होती. मुकादम हात जोडून आडवा आला. "साहेब, नवरा-बायकू मिळून येक कोयता आसतोय. अर्धा कोयता मी कारखान्यावर कसा न्हेऊ?"

मी काही बोलायच्या आत तिच्या नवऱ्याने वरून गाठोडे खाली टाकले. "उतर," तो तिला म्हणाला. "मी बी उतरतो."

ती आज आहे. पोरीचे लग्नही झाले.

या प्रकरणाने मला शिकवले ते एवढेच, की आरोपीइतकीच खबऱ्याचीही झडती घ्यावी. खबर खोटी नव्हती. बरण्या होत्या, तुकडे होते, नावेही लपवली होती. एवढे सगळे खरे असूनही मी चुकलो होतो.

त्या दिवशी परतताना मी जीपवाल्याला सहज म्हटले, "तुझ्या बायकोच्या वेळी असं कोणी दारात आलं असतं तर बरं झालं असतं."

त्याने मान हलवली. "न्हाई साहेब. तवा कोनी आलं आसतं तर मीच हाकलून दिलं आसतं."