कनातीमागचं भगदाड

शहापूरला भाच्याच्या लग्नात कनातीला लागून उभा होतो. दमट कापडाचा वास नाकात गेला आणि ते विमानतळ आठवलं.

मी तेव्हा विमानतळांची सुरक्षा तपासणारा इंजिनीअर होतो. त्या छोट्या विमानतळाचा मॅनेजर निघाला साकोलीचा. मी भंडाऱ्याकडचा हे कळताच त्याची साहेबी भाषा गळून पडली. धावपट्टीकडेच्या कुंपणभिंतीला एका जागी लग्नातली कनात बांधलेली होती.

"हे कायले?" मी विचारलं.

"भिंत पडली ना साहेब. दुरुस्ती होऊन राहिली."

आमच्याकडे जे 'होऊन राहिलं' असतं, ते कधीच होत नाही, आणि हा मलाच ते ऐकवत होता. तेवढ्यात कनात फुगली, खालून एक म्हैस आत शिरली आणि निवांत धावपट्टीवर जाऊन उभी राहिली. उतरायला आलेलं विमान जेमतेम पुन्हा वर गेलं. आतल्या माणसांचा जीव त्या कापडावर टांगलेला होता.

मॅनेजर म्हणाला, "तुमी आपल्याच इकडचे, साहेब. समजून घ्या."

भिंत होईस्तोवर मी धावपट्टी बंद करायला लावली. पुढं कित्येक वर्षं त्या मूर्खाचा किस्सा सांगून लोकांना हसवलं.

आज ही कनात लालभडक होती, कालच दुकानातून आणल्यासारखी. विमानतळावरची मात्र उन्हानं पार पांढुरकी झाली होती. म्हणजे ती मी तपासायला येणार म्हणून घाईनं बांधलेलीच नव्हती, कित्येक महिने तिथंच होती. माझ्याआधी माझ्याच खात्याचे किती साहेब तिच्यासमोर उभे राहून, मान डोलावून, जेवायला निघून गेले असतील.